डावी पोटरी दीड इंच जास्त

आमचे हे शिंपी. सगळे मास्तर म्हणतात. तीस वर्षं हा माणूस मशीनवरून उठला तो कापड बेतायला, आणि बेतून झालं की पुन्हा मशीनवर. पायांना स्वस्थता म्हणून माहीत नाही.

मग पोटाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली आणि माझ्या हाती आयतं राज्य आलं. मास्तरांनी पलंगावरून पाय खाली टाकायचा नाही, असा मी फतवाच काढला. जेवण पलंगावर, पाणी पलंगावर, लघवीचं भांडंसुद्धा तिथेच. नणंद म्हणायची, "वहिनी, अशी सेवा कोणी करणार नाही." मी आणखी फुगायचे.

हॉस्पिटलातून निघताना नर्सने बजावलं होतं, रोज थोडं चालवा. कॅन्सरमध्ये रक्त लवकर गोठतं, त्यात ऑपरेशन, केमो, तिच्यासाठी हातात घातलेली नळी, आणि वर नुसतं पडून राहणं. पायात गुठळी होते आणि सुटून फुप्फुसात जाऊन बसते. एकच पाय सुजला किंवा दम लागला तर तडक या. मी हो हो म्हटलं. काल शिकून आलेली पोर, हिला नवऱ्याचं दुखणं काय कळणार?

दहाव्या दिवशी मास्तर म्हणाले, "पायजम्याचा डावा पाय घट्ट बसतोय. मीच शिवलाय, असा बसायला नको." टेप मागवून स्वतःच माप घेतलं. उजवी पोटरी तेरा इंच, डावी साडेचौदा. मोठे दीर म्हणाले, मीठ जास्त होतंय. नणंद म्हणाली, एकाच कुशीवर झोपतो ना. मी टेप काढून घेतली, आजाऱ्याने कसली मापं घ्यायची म्हणून. मीठ बंद केलं आणि डाव्या पायाखाली आणखी एक उशी सरकवली.

तीन दिवसांनी नुसतं कूस बदलताना त्यांना धाप लागली, छातीत टोचायला लागलं. दीर म्हणाले, "अशक्तपणा आहे, पडू दे त्याला." पण मला त्यांचे ओठ निळे दिसले. जन्मात पहिल्यांदा मी दिरांना गप्प बसा म्हटलं आणि अँब्युलन्स बोलावली.

गुठळी फुप्फुसात गेलेली. थोडक्यात वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले तेव्हा आम्ही सगळे पलंगाभोवती होतो.

"यांना चालवलं का नाही? सूज आल्यावर तीन दिवस काय करत होतात?"

दीर खिडकीबाहेर बघायला लागले. नणंदेने न वाजलेला फोन कानाला लावला. मी त्यांचं पांघरूण नीट करायला लागले.

मास्तरांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "ही रोज मागे लागायची, डॉक्टर, चला म्हणून. मीच उठलो नाही. आळशी आहे मी जरा. सूजही मीच लपवली."

डॉक्टरांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. इतका आळस बरा नाही, बायकोचं ऐकत जा, म्हणाले. मास्तर मुकाट्याने मान हलवत राहिले. मी शेजारी उभी राहून सगळं ऐकलं आणि एक शब्द बोलले नाही.