रावजीच्या हातचं सूप

रावजी कासारे बहारीनला आला तो चौऱ्याहत्तर साली. जनाबियात पेंडल नावाच्या इंग्रज साहेबाचा बंगला होता, तिथं स्वयंपाक्याची नोकरी. मुंबईत गोदीजवळच्या एका कॅन्टीनमध्ये त्यानं बारा वर्षं आम्लेटं तळली होती, कोंबड्या साफ केल्या होत्या, त्यामुळं काम त्याला नवं नव्हतं. नवं काय होतं ते तिसऱ्या दिवशी कळलं. पेंडल मॅडमनी फ्रिजमधून कागदात गुंडाळलेलं एक पुडकं काढून ओट्यावर ठेवलं आणि कागद उलगडला. आत बैलाच्या पिंढरीचं मांस होतं. मधोमध पांढरं हाड, कडेनं पिवळट चरबी, आणि कागदाला चिकटलेलं पातळ गुलाबी पाणी.

मॅडम मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, "साहेबांना दर बुधवारी बीफ आणि टोमॅटोचं सूप लागतं. आज मी दाखवते, पुढच्या वेळेपासून तू करायचं."

त्यांनी दाखवलं. मांसाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, मैद्यात घोळवायचे, लोण्यात तांबूस होईपर्यंत परतायचे. मग कांदा, गाजर, पाणी, आणि मंद आचेवर अडीच तास. वर करडा फेस येतो तो चमच्यानं काढत राहायचा. मग सोललेले टोमॅटो. मांस चमच्याच्या टोकानं तुटायला लागलं की आच बंद करायची आणि डब्यातली क्रीम घालायची. तीही एकदम नाही. आधी वाटीभर गरम रस क्रीममध्ये कालवायचा, नाहीतर टोमॅटोच्या आंबटपणानं ती फाटते.

रावजीनं सगळं मन लावून पाहिलं, मान डोलावली, मग मागच्या दारानं बाहेर गेला आणि भिंतीला हात टेकून ओकला.

बंगल्याचा ड्रायव्हर ताहिर तिथं गाडी धूत होता. तो बाणकोटचा, म्हणजे जवळजवळ रावजीच्याच गावचा. त्यानं नळी पुढं केली. रावजीनं चूळ भरली.

"गाय तुमची देव, म्हणून काय?" ताहिरनं विचारलं.

"देवाबिवाचं काय नाय," रावजी म्हणाला. "आमचं वेगळं हाय."

ते वेगळं काय, हे त्यानं ताहिरला वर्षभरानं सांगितलं. रावजीचं गाव मंडणगड तालुक्यात. त्याच्या आजोबांच्या काळापर्यंत गावात ढोर मेलं की ते ओढून नेणं हे त्याच्या वाडीचं काम, आणि त्याचं मांस हीच मजुरी. सत्तावीस साली त्याचा बाप, तेव्हा विशीतला, चालत महाडला गेला, बाबासाहेबांचं भाषण ऐकून आला आणि वाडीत उभं राहून सांगितलं की आजपासून मेलेलं ढोर कुणी ओढायचं नाही आणि तोंडातही घालायचं नाही. वाडीनं ते मानलं. गावानं त्याबद्दल दोन वर्षं त्यांना कामावर बोलावलं नाही, तरी मानलं.

पण त्रेचाळीसच्या टंचाईत घरात आठवडाभर दाणा नव्हता, तेव्हा रावजीच्या आजीनं लांबच्या एका गावाहून पदराखाली काहीतरी आणलं आणि शिजवलं. रावजी सात वर्षांचा होता. त्यानं दोन तुकडे खाल्ले. मांस तीन दिवसांपूर्वी मेलेल्या बैलाचं होतं. कुजका, गोडसर वास त्याच्या नाकात गेला तो तिथंच बसला. बाप घरी आला, त्यानं मडकं उचलून परसात ओतलं, वर माती लोटली. दोन दिवस आजीच्या हातचं पाणी प्याला नाही. पुढं छप्पन्न साली सगळी वाडी बौद्ध झाली, पण रावजीच्या घराचा धर्म त्याच्या दृष्टीनं त्या मडक्यापाशीच बदलला होता.

आता बहारीनच्या फ्रिजमधलं मांस ताजं, स्वच्छ, मोहोर मारलेलं असे हे त्याला कळत होतं. पण लोण्यात ते पडलं आणि चरबी वितळायला लागली की त्याच्या जिभेच्या मुळाशी पाणी सुटे, ते भुकेचं नव्हे. त्यात क्रीम. दूध आणि मांस एका भांड्यात, वर टोमॅटो. जखमेतून यावा तसा फिकट गुलाबी रंग. रावजी तोंडानं श्वास घेत ढवळायचा. मीठ पाहायला ताहिरला हाक मारायचा. ताहिर चमचा चाटून "कमी हाय" किंवा "खलास, उतरव" म्हणायचा. नऊ वर्षांत रावजीनं ते सूप एकदाही चाखलं नाही, आणि पेंडल साहेबाच्या टेबलावर त्याच्याइतकी तारीफ दुसऱ्या कशाची झाली नाही.

पगार तो घरी पाठवायचा. मुलगी दापोलीला शिकत होती. बुधवार येत होते आणि जात होते.

मनामाला मराठी माणसांचं एक मंडळ होतं. एकोणऐंशीच्या गणपतीला ताहिरनं रावजीला गाडीतून तिथं सोडलं. रावजी गणपती बसवणारा नव्हता, पण मराठी कानावर पडेल म्हणून गेला, आणि पन्नास माणसांचं जेवण रांधायचंय म्हटल्यावर बाह्या सरसावून आत शिरला. सेक्रेटरींनी त्याला दारातच थांबवलं.

"रावजी, तुम्ही स्वयंपाकात नको. तुमच्या हाताला तिकडं बीफ लागतं ना. तुम्ही खुर्च्या लावा."

आत गणपत नारळ खवत बसला होता. गणपत साताऱ्याकडचा, एका हॉटेलात कामाला, रोज सकाळी दहा-दहा किलो बीफ कापायचा. त्यानं रावजीकडं पाहिलं आणि पुन्हा नारळाकडं पाहिलं. रावजीनं खुर्च्या लावल्या. जेवायला मात्र थांबला नाही.

त्र्याऐंशीच्या जून महिन्यात एक दिवस गुरुप्रसाद जनाबियाच्या बंगल्याच्या मागच्या दारी आला. हा पुण्याचा इंजिनिअर, पेंडल साहेबाच्याच कंपनीत, राहायला उम्म अल हस्सममध्ये. ऑफिसात हॅलम नावाचा नवा मॅनेजर आला होता. त्यानं पेंडलकडं सूप चापलं होतं आणि तो ते जाईल तिथं सांगत होता. गुरुप्रसादनं त्याला शुक्रवारी जेवायला बोलावलं होतं.

"तुमची सुट्टी असते ना शुक्रवारी? एवढं सूप आमच्याकडं येऊन करून द्या. बाकीचं लीना करेल. हे मात्र तिला जमणार नाही, तुम्ही समजू शकता." मग त्यानं आवाज खाली आणला. "आणि मंडळात कुठं बोलू नका."

रावजीला नाही म्हणायचं होतं. पण साहेबाच्या कंपनीतला माणूस, आपल्या भाषेतला, दारात उभा राहून विनवत होता. तो बरं म्हणाला.

शुक्रवारी दुपारी तो फ्लॅटवर पोचला तेव्हा गुरुप्रसादच्या बायकोनं, लीनावहिनींनी, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं होतं. त्याची सोय बाल्कनीत केली होती. जमिनीवर वर्तमानपत्रं, त्यावर एक शेगडी, नवं कोरं पातेलं, नवी सुरी, नवा डाव. मांसाचं पुडकं दुकानदारानं दिलं तसंच, प्लास्टिकच्या बादलीत. बाहेर ऊन असं होतं की कठड्याला हात लावता येत नव्हता.

"आत वास पसरतो हो," वहिनी बाल्कनीच्या दाराच्या फटीतून म्हणाल्या. त्यांनी नाकाला रुमाल लावला होता. "तुम्हाला काय, सवय असेल."

पुडकं उन्हात कोमट झालं होतं. रावजीनं कागद सोडवला तेव्हा मांस बोटांना लिबलिबीत लागलं. त्यानं तुकडे केले, मैद्यात घोळवले, लोण्यात टाकले. घाम नाकावरून ओघळून पातेल्यात पडू नये म्हणून तो मान वळवून ढवळत होता. अडीच तास त्यानं फेस काढला. वाटीतला फेस थंड होऊन त्यावर तुपकट साय धरत होती आणि माशा येत होत्या. एकदा वहिनींनी पाण्याची बाटली फटीतून बाहेर सरकवली, ग्लास दिला नाही.

हॅलम साहेब सातला आला. रावजीनं क्रीम कालवून सूप बाऊलमध्ये ओतलं, गुरुप्रसादनं ते आत नेलं. दार आता थोडं उघडं राहिलं होतं. हॅलमनं पहिला चमचा घेऊन काय म्हटलं ते रावजीला कळलं नाही, पण गुरुप्रसादचं उत्तर कळलं. माय वाइफ मेड इट, तो म्हणत होता. मग हॅलम हसला आणि लीनावहिनींपुढं बाऊल नाही हे त्याच्या लक्षात आलं. स्वयंपाक करणारीनं खायचं नाही हे कसं चालेल, असं काहीतरी तो बोलला. खुर्ची सरकली. गुरुप्रसाद हलक्या आवाजात मराठीत म्हणाला, "थोडं घे. चार चमचे. प्लीज, लीना."

त्यांनी घेतलं. हॅलम गेल्यावर आठ-साडेआठला न्हाणीघरातून आवाज आला. रावजीला तो आवाज ओळखीचा होता. उलटीतून पडायला काही उरलं नाही तरी पोट पिळत राहतं तेव्हाचा तो आवाज. तो बाल्कनीतून सरळ आत गेला, कुणाला न विचारता स्वयंपाकघरात शिरला, लिंबू कापलं, पाण्यात मीठ आणि लिंबू घालून ग्लास न्हाणीघराच्या दाराशी नेला.

"बारीक घोट घ्या वहिनी. एकदम पिऊ नका. आणि नाकानं श्वास घेऊ नका, वास बसलेला असतो."

वहिनींनी ग्लास घेतला. डोळे लाल झाले होते, केस गालाला चिकटले होते. त्या भिंतीला टेकून घोट घोट प्याल्या, आणि रावजीला त्या क्षणी त्यांची माया आली. पोटात ढवळणं त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

पाणी संपलं. त्यांनी तोंड पुसलं. ग्लास आत ओट्यावर नेऊन ठेवण्याऐवजी त्यांनी तो रावजीलाच परत दिला.

"हाही घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आणि ते पातेलं, डाव, सगळं न्या. सूपही बरंच उरलंय. तुमच्याकडं खातील सगळे आवडीनं. तुमच्यात चालतंच ना, म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

गुरुप्रसाद मागं उभा होता. त्यानं बायकोला थांबवलं नाही. उलट म्हणाला, "हो, न्या न्या. संकोच करू नका."

रावजीनं ग्लास टेबलावर ठेवला.

"आमच्यात चालत नाय," तो म्हणाला. "माझ्या बापानं सत्तावीस साली सोडलं. उपाशी राहून सोडलं. मी नऊ वर्षं हे शिजवतोय साहेब, पण अजून चव घेतली नाय. आज या घरात खाल्लं ते तुम्ही दोघांनी. पातेलं तुमचं हाय."

त्यानं बाल्कनीत जाऊन शेगडी बंद आहे ना ते पाहिलं, चपला घातल्या आणि जिना उतरला. खाली रस्त्यावर ताहिर गाडी घेऊन थांबला होता. गाडीत बसल्यावर रावजीला जाणवलं की आपल्याला जिंकल्यासारखं काही वाटत नाहीये. अंगाला तो वास होता. शर्टाला, नखांत, भुवयांत. जनाबियाला पोचेपर्यंत तो काच खाली करून तोंड बाहेर काढून बसला.

पुढचं ताहिरला त्या बिल्डिंगच्या वॉचमनकडून कळलं. गुरुप्रसादच्या घरात त्या पातेल्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. बायको म्हणाली तुम्ही टाका, नवरा म्हणाला सोमवारी झाडूवाला येतो तो टाकेल. सोमवारी झाडूवाला आला, झाकण उघडून पाहिलं, "मफी", म्हणजे नाही, एवढंच म्हणाला आणि गेला. चार दिवस जूनच्या उन्हात ते बाल्कनीत राहिलं. वरच्या मजल्यावरच्या बाईनं तक्रार केली. शेवटी पाचव्या दिवशी गुरुप्रसाद स्वतः तोंडाला टॉवेल बांधून ते खाली न्यायला निघाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर झाकण सरकलं आणि आतलं निम्मं पायऱ्यांवर गेलं. फेसाळलेलं, गुलाबी, आत पांढुरके किडे. ते त्याला फडक्यानं पुसून घ्यावं लागलं, गुडघ्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्या भाडेकरूंसमोर.

ताहिरला सांगताना हसू आवरत नव्हतं. रावजी हसला नाही.

महिन्याभरात मंडळात एक गोष्ट फिरू लागली की रावजी कासारेनं एका भल्या घरात बीफ शिजवून घर बाटवलं. कुणाच्या सांगण्यावरून, ते त्या गोष्टीत नव्हतं. गणपत एकदा बाजारात भेटला तेव्हा त्यानं हे सांगितलं, आणि खाली बघत म्हणाला, "मला खरं काय ते माहिती आहे, रावजी." रावजी म्हणाला, "मग तिथं बोलायचं होतंस." गणपतनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मेथी महाग झाल्याचं बोलू लागला.

त्या शुक्रवारनंतरच्या बुधवारी पेंडल मॅडमनी नेहमीसारखं पुडकं ओट्यावर ठेवलं. रावजीनं हात मागं बांधले.

"मॅडम, हे मी आता करणार नाय."

"बरं नाही का तुला?"

"बरा हाय. पण हे नाय. चिकन, मच्छी, मटण, काय सांगाल ते करीन. हे आज नाय आणि पुढं पण नाय."

"नऊ वर्षं तर केलंस."

"ते चुकलं माझं," रावजी म्हणाला. बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं की नऊ वर्षांत त्याची किळस मांसापुरती राहिली नव्हती. दर बुधवारी थोडी थोडी ती त्याच्या स्वतःवर चढत गेली होती.

मॅडम रागावल्या. मग त्यांनी स्वतः सूप केलं, घाईत क्रीम एकदम ओतली आणि ती फाटली. पेंडल साहेबानं गुठळ्या बाजूला सारत निमूटपणे ते संपवलं. पुढं ऋतू बदलला तसा बुधवारचा बेतच बदलला, आणि शहाऐंशीला ते दोघं कायमचे इंग्लंडला गेले.

रावजी गावी परत गेला नाही. मुलीचं लग्न व्हायचं होतं. ताहिरनं ओळखीनं त्याला सनद नावाच्या वस्तीत झोहराबाईंच्या घरी नेलं. विधवा बाई, तीन मोठे मुलगे, रोज मासे आणि भात. पहिल्याच दिवशी, चहासुद्धा घ्यायच्या आधी, रावजी उभ्यानंच म्हणाला की मी गाईबैलाचं मांस शिजवत नाही, चालत असेल तर राहतो.

झोहराबाईंनी ताहिरकडं पाहिलं. "हा हिंदू आहे म्हणून?"

ताहिर उत्तर द्यायला तोंड उघडत होता, पण रावजीनं त्याला हातानं थांबवलं. "नाय," तो आपल्या तुटक अरबी-हिंदीत म्हणाला. "हिंदू नाय. सांगतो. जरा लांबची गोष्ट हाय, बसू का?"

बाईंनी खुर्चीकडं बोट केलं आणि आतून चहाचे तीन पेले मागवले.