मशीनला नाव काय टाकू?

फोन आला तेव्हा मी डाळिंबात उभा होतो. आदल्या सांजेला सोलापूरच्या दवाखान्यातनं घरी आलो होतो, जनावरांकडं बघायला. हिच्याजवळ आमची लेक सुनीता होती. निघताना ही म्हणाली, "पाखरं बघा जरा. फळं टोकरत्यात." म्हणून उठल्या उठल्या तिकडंच गेलो. सुनी फोनवर "आप्पा..." एवढंच म्हणाली. मला कळलं. डोक्यावर फांदीला बांधलेल्या कॉम्प्युटरच्या सीड्या उन्हात चमकत फिरत होत्या. मी त्यांच्याकडंच बघत राहिलो.

त्या सीड्या हिनंच बांधलेल्या. सुनी लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर आमच्याकडं राहिला. आम्ही त्याला मशीनच म्हणायचो. त्यात लेकीच्या लग्नाचे फोटो होते. दुपारी भांडी झाली की ही चष्मा लावून त्याच्यापुढं बसायची, एकेक फोटो बघायची, आणि मला हाक मारून दाखवायची की तुमच्या बहिणीनं मांडवात तोंड कसं वाकडं केलतं बघा. दर खेपेला तेच, आणि दर खेपेला हसायची. मशीनबरोबर आलेल्या सीड्या कपाटात नुसत्या पडून होत्या. चांगली वस्तू बिनकामाची ठेवायची म्हणजे हिच्या जिवावर यायचं. डाळिंबाला पोपट लागले, आणि सीड्या झाडावर गेल्या.

मग एकदा मशीन बसलं. नुसता काळा पडदा. गोधडीत गुंडाळून आम्ही दोघांनी ते एस्टीनं मुरूम गावाला, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बसवराजच्या दुकानात नेलं. तो म्हणाला, आतलं सगळं नव्यानं टाकावं लागतंय, मशीनच्या मूळच्या सीड्या द्या.

"त्या कामाला लागल्यात," ही म्हणाली. "पाखरं राखत्यात."

बसवराज हसून हसून खाली बसला. उन्हापावसात टांगलेल्या सीड्या आता चालायच्या नाहीत म्हणाला. पण काळजी नको, कंपनीनं एक नक्कल मशीनच्या पोटातच दडवून ठेवलेली असते, चालू करतानाच एक बटण दाबलं की ती वर येते. मला काही उमगलं नाही. हिला उमगलं. बियाणं राखून ठेवलंय म्हण की, असं ती त्याला म्हणाली. तो म्हणाला, व्हय मावशी, पण बियाणं पेरलं की रान पहिल्यासारखं कोरं होतंय, तुमचं त्यात काहीच राहत नाही. तशी ही मशीनच्या आडवी आली. "आधी भांडीकुंडी भाईर काढ, मग घर उकल." फोटो बाहेर काढून तिला दाखवल्याशिवाय तिनं त्याला हात लावू दिला नाही.

मी तेवढ्यात पेंड आणायला गेलो. माघारी आलो तर दुकानात सगळे हसत होते. झालं असं की मशीन नवं झालं आणि त्यानं मालकाचं नाव विचारलं. बसवराज म्हणाला, नाव काय टाकू? ही म्हणाली, त्यांचं. त्यांचं म्हणजे कुणाचं? सुनीच्या आप्पाचं. नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात घेतलं नव्हतं, ती काय दुकानात घेणार! शेवटी म्हणाली, "मग माझंच टाक बाबा. ते तरी तोंडातनं निघतंय."

तवापासनं मशीन चालू केलं की पडद्यावर हिचं नाव यायचं. मी म्हणायचो, घर माझं, लाईटबिल मी भरतो, आन मान हिला. ती म्हणायची, "मग घ्यायचं होतं की तुमी माझं नाव कदी. मशीननं घेतलं."

खरं होतं. मीही तिला कधी नावानं हाक मारली नाही. आमच्यात तशी रीतच नव्हती. दवाखान्यात ती गुंगीत होती तेव्हा नर्सबाई म्हणाली, बाबा, नावानं हाक मारा, डोळे उघडतील. मी म्हणालो, "अगं ए... ऐकलं का?" आणि तिनं डोळे उघडले. तिला तीच हाक ठाऊक होती.

ती गेल्यावर मी रोज मशीन चालू करायचो. मला त्यातलं काही येत नाही. नाव आलं की बंद करायचो. दोन आठवड्यांमागं परत काळा पडदा झाला. नाव येईना. एकट्यानं गोधडीत बांधून मुरूमला नेलं.

"मावशी न्हाईत आल्या?" बसवराजनं विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो. मग सांगितलं.

त्यानं सीडी मागितली नाही. फोटो आधी बाहेर काढले, मी न सांगता. मग त्यानं बटण दाबलं. आतलं सगळं पुसलं जात होतं... मशीन पहिल्या दिवसावर आलं आणि त्यानं नाव विचारलं. बसवराज माझ्याकडं न बघता म्हणाला, "काका, काय टाकू? तुमचं?"

इथं 'अगं ए' चालणार नव्हतं.

"कलावती," मी म्हणालो. "मराठीत टाक."

सीड्या अजून झाडावर आहेत. पाखरं आता त्यांना भीत नाहीत, मजेत फळं खातात. खाऊ द्या, मी काढणार नाही. दुपारी जेवण झालं की मशीनपुढं बसतो. पडद्यावर नाव येतं. चौथीपर्यंत शिकलोय, तेवढं वाचता येतं. मोठ्यानं वाचतो. मग बंद करून वर फडकं टाकतो, ती टाकायची तसं.