जनरल वकील

धानोऱ्याचा भिकन कायदा शिकला तो रेल्वेत. जनरल डबा म्हणजे ज्यात कुणीही घुसतो, एवढं त्याला पक्कं ठाऊक. त्यामुळे पेपरात 'अ‍ॅडव्होकेट जनरल' वाचलं तसा तो बायकोला, वत्सलाबाईला म्हणाला, "जनरल शे. म्हणजे आपलासाठीच ठेयेल शे."

वकिलाची गरज होतीच. सरकारी गोदामाची भिंत आडवी आली आणि शेताची गाडवाट बंद झाली. कापूस भिंतीपल्याड फुटलेला, बैलगाडी अल्याड उभी. नंदुरबारच्या हेमकांत वकिलानं संभाजीनगरच्या खंडपीठात अर्ज टाकला होता.

हेमकांतनं समजावलं, "दादा, तो महाधिवक्ता. राज्याचा वकील. राज्यपाल नेमतात. इंग्रजांच्या काळीबी मुंबईत होता, कंपनी सरकारसाठी भांडायचा."

"मंग आते?"

"आता राज्यासाठी. विधानसभेत बोलतो, पण मत देता येत नाही."

"म्हणजे सासरवाडीना जवाई. पन राज्य म्हणजे कोन? शाळामा गुरुजी सांगेत, राज्य म्हणजे आपुन."

हेमकांतनं दुसऱ्या अशिलाची फाइल उघडली. वकिलानं दुसऱ्याची फाइल उघडली की गिऱ्हाईक उठतं. भिकननं वकीलपत्र काढून घेतलं.

सुनावणीला न्यायमूर्तींनी विचारलं, "अर्जदाराचे वकील कोण?"

भिकननं समोरच्या काळ्या कोटाकडे बोट केलं. "हाऊ काय. जनरल."

महाधिवक्ता एका बैलगाडीसाठी कशाला येतो? हा त्याच्या हाताखालचा सरकारी वकील. तो उठला आणि फार अदबीनं म्हणाला, की आपण अर्जदाराच्या विरुद्ध आहोत आणि अशी काही वाट असल्याचं राज्याला मान्य नाही.

"राज्य म्हणजे मी," भिकन म्हणाला, "आनि वकील राज्याना. मंग हाऊ कोनासाठी भांडी ऱ्हायना?"

कुणी हसलं नाही. फुकट हसायची तिथं रीत नसावी. न्यायमूर्तींनी वकील घेऊन या म्हणत पुढची तारीख दिली.

परतीला जनरल डब्यात त्याला संडासाच्या दारापाशी उभं राहायला मिळालं. सरकारनं त्याला दिलेली तेवढीच मोकळी वाट, तीही दर स्टेशनाला अडत होती. नंदुरबारला उतरून तो आधी हेमकांतकडे गेला आणि वकीलपत्रावर पुन्हा सही करून आला. हेमकांतनं राज्याचा विषय काढला नाही. शहाणा माणूस.

वत्सलाबाई भिंतीपाशीच बसली होती, कापसाचं गाठोडं डोक्यावरून लांबच्या बांधानं फिरवून आणून दमलेली.

"भेटनी का वाट?"

"तारीख भेटनी."

तिनं गाठोडं त्याच्या डोक्यावर ठेवलं. "मंग हाक तारीखवरथीन गाडी."