न केलेली चूक

माझे वडील भोरला शाळामास्तर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आमच्या भागात मुलीला इंग्रजी शिकवणारा बाप शोधून सापडला नसता, पण त्यांनी मला हौसेनं शिकवलं. शब्द आला की अर्थ सांगायचा आणि वाक्यात वापरून दाखवायचा. नुसता अर्थ त्यांना चालत नसे.

मी सोळा वर्षांची असताना वेल्ह्याकडची मंडळी मला बघायला आली. मी चालून दाखवलं, सुईत दोरा ओवला. मग मुलाचे चुलते म्हणाले, "आमचा पोरगा पुन्यात शिकलाय. इंग्रजीतलं इचारू द्या की त्याला."

मुलानं विचारलं, "अपसाइड डाउन म्हणजे काय?"

"वरचं खाली आणि खालचं वर," मी म्हटलं. "रिकामी घागर आम्ही परसात अपसाइड डाउन ठेवतो."

वडिलांचा चेहरा फुलला. मुलाला मात्र तेवढ्यावर थांबवेना. आपलं वाक्य सरस, अशा थाटात तो म्हणाला, "आज घाईत मी सदरा अपसाइड डाउन घातला." चुलत्यांनी मान डोलावली.

मला राहवलं नाही. "शिवणी बाहेर आल्या तर त्याला इनसाइड आउट म्हणतात. अपसाइड डाउन घातला तर बाह्यांत पाय जातील."

त्यांच्यातलंच कुणीतरी फिस्सकन हसलं. मुलगा लालबुंद झाला. चुलत्यांनी टोपी सारखी केली. "पोरगी लई शानी हाय, मास्तर. आमाला सून पायजे, पंतोजी न्हाई."

मी वडिलांकडे पाहिलं. त्या बैठकीत खरं काय ते समजणारे ते एकटेच होते. पाठच्या दोन बहिणी दाराआड उभ्या होत्या, आणि वडिलांची नजर तिकडे गेली.

"तिचंच चुकलं," ते म्हणाले. "पावण्यांचं बरोबर हाय. म्हण, माझं चुकलं."

मी म्हटलं. एवढे दोनच शब्द. पाहुण्यांनी पान खाल्लं आणि पसंती कळवून गेले. चूक कबूल करणारी मुलगी त्यांना फार आवडली होती.

नवऱ्याचा मला कधी राग आला नाही. त्याला येत नव्हतं, इतकंच. सासरी मला इंग्रजी कुणी पुन्हा विचारलं नाही आणि मीही काढलं नाही.

राग वडिलांचा आला, तो पाठवणीच्या दिवशी. वाजंत्री थांबली, माणसं पांगली, बैल जुंपून झाले. तेव्हा ते गाडीपाशी आले, इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "बाय, त्या दिशी तुझंच बरोबर हुतं."

"मला ठाऊक हाय," मी म्हटलं. "त्यास्नी सांगायचं हुतं."

त्यांनी गाडीवानाला हात केला. गाडी हलली, आणि त्यांच्याकडे वळून बघायची इच्छा मला झाली नाही.