हे शेवटचं समजा

नसीमआपांना घरात बोलावलं की त्या येत, पण पुरत्या येत नसत. मी केजला बदली होऊन आले तेव्हा शेजारी शिवणकाम करणाऱ्या या बाईंना चहाला बोलावलं. मी खुर्ची पुढे केली, तर त्यांनी ती उचलून दाराला टेकवली आणि चपला पायातच ठेवून बसल्या. "राग नका मानू बाई," त्या म्हणाल्या. "मला आत कोंडल्यावानी होतं. कवा पळावं लागंल, सांगता येत न्हाई." पळून जायचं कुठे, हे त्यांनाही ठाऊक नसावं. त्यांचं घर तर माझ्या भिंतीपलीकडेच होतं.

लग्न असो, बारसं असो, आपांची जागा ठरलेली, दाराशी. पिशवीत लिंबू, ओव्याची पुडी, खडीसाखर आणि तीन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. एवढ्या तयारीनिशी लोक लांबच्या प्रवासाला निघतात. आपा कोपऱ्यावर दोरा आणायला जात.

त्यांची लेक तबस्सुम अंबाजोगाईला नर्सिंग शिकत होती. दुपारी तिने फोन उचलला नाही की इकडे मशीनचं चाक थांबे. आधी एक विचार यायचा, पोरीला काही झालं तर नसेल? मग छाती धडधडायची. धडधडली की पोरगी बाजूला राहायची आणि दुसरीच भीती सुरू व्हायची, की हा हार्ट अटॅक तर नव्हे? त्या भीतीने श्वास तोकडा, तोकड्या श्वासाने हाताला मुंग्या, आणि मुंग्या आल्या म्हणजे खात्रीच. मग भिंतीवर थाप पडे. मी धावत जाई.

"बाई, हे शेवटचं समजा," आपा डोळे मिटून म्हणत. "हिरव्या ब्लाऊजचे हूक राहिलेत. अस्तराचं कापड खालच्या कप्प्यात हाय. तबस्सुमला सांगा, रडू नको."

अर्ध्या तासाने त्या उठून चहा टाकत. माझ्या देखत आपांनी जगाचा निरोप वीसेक वेळा तरी घेतला असेल, आणि दर वेळी कुणाचा ना कुणाचा ब्लाऊज अर्धवट ठेवून.

एकदा आम्ही दोघी बीडला निघालो होतो. मांजरसुंब्याच्या घाटात एसटीच्या पुढे ट्रक अडकले, गाडी थांबली, आणि आपांनी माझं मनगट धरलं. दार उघडा म्हणून त्या उठल्या, पण वाटेत पोती, पेट्या, माणसं. त्या रडायलाच लागल्या. "मावशी कावून रडायल्या?" कंडक्टरने विचारलं. तेवढ्यात सगळी गाडी डॉक्टर झाली. कुणी कांदा हुंगायला दिला, कुणी तळवे चोळले, एका आजोबांनी पित्त आहे म्हणून सांगितलं. "काही होत नाही" हे तर प्रत्येकाने सांगितलं. आपांचे ओठ पांढरे पडले होते. तेव्हा मला त्यांची थट्टा सुचली नाही.

बीडला उतरल्यावर थेट दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी काढली, ती स्वच्छ निघाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपा, आता मिनिटभर भराभरा श्वास घ्या. धावल्यासारखा."

आपांनी घेतला. थोड्याच वेळात त्या थांबल्या. "मुंग्या आल्या."

"छाती?"

"धडधडती. तेच हाय हे. तेच."

"आता हळू श्वास सोडा." हळूहळू आपांचे खांदे खाली आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धडधड खरी आहे. मुंग्याही खऱ्या आहेत. तुम्ही मरताय, एवढंच खरं नाही. पण तुम्ही ते खरं मानता, म्हणून धडधड वाढते, आणि धडधड वाढली की तुम्हाला ते आणखी खरं वाटतं. दर वेळी तुम्ही दाराकडे पळता. त्यामुळे पळाला नसता तर काय झालं असतं, ते तुम्हाला कधी कळलंच नाही."

हे ऐकून आपा भयंकर चिडल्या. "म्हंजी मी नाटकं करती व्हय?" दवाखान्याबाहेर येऊन त्या म्हणाल्या. दोन दिवस माझ्याशीही धड बोलल्या नाहीत, जणू ती डॉक्टरीण माझ्या माहेरची होती.

पुढे तबस्सुमचा निकाह ठरला, अंबाजोगाईच्या एका कार्यालयात. बायकांची व्यवस्था वरच्या मजल्यावर, जिना एकच आणि अरुंद. आपांनी जाऊन जागा पाहिली, आणि घरी येऊन जाहीर केलं की त्या निकाहला जाणार नाहीत. "भर मांडवात मला काही झालं, तर पोरीच्या जल्माला डाग लागंल."

तबस्सुम आईवर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "अम्मी, तू नसशील तर मी कुणाकडं बघू?"

दुसऱ्या दिवशी आपा माझ्या दारात. "बाई, येष्टीत बसू चला. कुठंबी."

मग दर रविवारी आम्ही युसूफ वडगावला जायला लागलो. तिथे आमचं काहीही काम नव्हतं. आपा मधल्या बाकावर खिडकीशी बसत, मी कडेला, म्हणजे त्यांची वाट अडवून. फोन करून विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तसंच सांगितलं होतं. पहिल्या रविवारी त्यांनी माझ्या दंडावर नखं उमटवली. तिसऱ्या रविवारी म्हणाल्या, "आली बघा नणंद."

"कोण?"

"हीच, धडधड. नणंदच म्हनायचं हिला. हाकलली की मुक्काम वाढवती. बसू द्या. बडबडंल, तोंड वाकडं करंल, आपल्या पायानं जाईल."

खऱ्या नणंदेला हे कळलं नाही हे नशीब. निकाहच्या दिवशी मी जिन्याजवळ बसले, शेजारची खुर्ची आपांसाठी धरून. त्या तबस्सुमजवळ, पार पुढे. मध्ये दोनशे बायका. निकाह कबूल झाल्याचा निरोप वर आला, गलका उठला, आणि आपांचा चेहरा उतरलेला मला इतक्या लांबून दिसला. त्यांनी जिन्याकडे पाहिलं. तबस्सुमने ते पाहिलं. आपांनी लेकीचा मेंदीभरला हात आपल्या मांडीवर घेतला आणि तशाच बसून राहिल्या. घामाने ओढणी भिजली, पण उठल्या नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याकडे पाहून, खुर्ची सोडून द्या, अशी खूण केली. त्या खुर्चीवर एक जाडजूड बाई लगेच बसल्या.

गेल्या वर्षी आपा लेकीकडेच राहायला गेल्या. जायच्या आठवड्यात, सामान बांधायची गडबड चालू असताना, मला दुपारी घरात एकाएकी दरदरून घाम आला. माझे यजमान जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. श्वास पुरेना. मी भिंतीवर थाप मारली.

आपा आल्या. माझ्याकडे नीट बघितलं, छातीत दुखतंय का, हात भरून आलाय का, सगळं विचारलं. "संध्याकाळी डाक्टरला दाखवू, न्हाई म्हनायचं न्हाई," असं बजावलं. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, मेथीची जुडी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर पसरली.

"आपा, मला भीती वाटतीय."

"वाटू द्या. निवडा."

थरथरत्या हातांनी मी पानं खुडायला लागले. त्या समोर मांडी घालून बसल्या, घराच्या पार आतल्या भिंतीला टेकून. किती वेळ गेला कळलं नाही. शेवटची काडी खुडली आणि मी म्हणाले, "झाली जुडी."

आपांनी माझे हात पाहिले. "दुसरी आणती," त्या म्हणाल्या, आणि उठल्या.