बिस्किटांच्या डब्यातले पत्रे

"परब, हे काय आहे?"

कामतसाहेबांनी निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली होती. ते आमचे वर्क्स मॅनेजर. आवाज चढवायचे नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटायची.

"सॉफ्ट आलीय, सर."

"सॉफ्ट म्हणजे?"

"म्हणजे... फोकस थोडा गेलाय."

"सहाच्या सहा?"

मी मान हलवली. तो मंगळवार होता. मशीन शनिवारी खोक्यात बंद होऊन गोदीत जाणार होतं. कंपनीचा परदेशात जाणारा पहिला मोठा पॉवर प्रेस. कॅटलॉगच्या पहिल्या पानावर त्याचाच फोटो छापायचा होता आणि तो घ्यायची जबाबदारी माझी होती.

सत्तर-एकाहत्तर साल असेल. साकीनाक्याला पत्रा कापणाऱ्या आणि वाकवणाऱ्या मशीनचा आमचा कारखाना. मी मूळचा ड्रॉइंग ऑफिसातला ट्रेसर. पण फोटोचा नाद होता, म्हणून साहेबांच्या मागे लागून जिन्याखालच्या कोठडीत डार्करूम करून घेतली होती. सहा महिने प्रोबेशनवर फोटोग्राफर. जमलं तर कायम, नाही तर परत ट्रेसिंगच्या टेबलावर. त्या टेबलावर मी आठ वर्षं मान मोडली होती. पुन्हा तिथे बसायची कल्पनासुद्धा मला सहन होत नव्हती.

मशीनचे फोटो साध्या कॅमेऱ्याने नीट येत नाहीत. उभ्या कडा तिरक्या पडतात आणि बोल्ट मोजता येत नाहीत. त्यासाठी मोठ्या फिल्मचा कॅमेरा लागतो, लाकडी, चामड्याच्या भात्याचा. त्याची एकेक फिल्म पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी. नवा मागवायचा तर आयात-लायसन्सची कटकट. म्हणून कंपनीने फोर्टातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या लिलावातून विलायती कॅमेरा उचलला. लेन्स होती, भाता धड होता, पण होल्डर एकही नव्हता. होल्डर म्हणजे पाटीएवढी चपटी लाकडी पेटी. दोन्ही अंगांना एकेक फिल्म बसते आणि वर सरकतं झाकण असतं. होल्डरशिवाय असला कॅमेरा म्हणजे तबला आहे पण डग्गा नाही.

त्यात हे विलायती होल्डर महा आडमुठे. एका कारागिराचा होल्डर दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात जात नाही. खाच केसभर इकडेतिकडे असली तरी अडतो, किंवा बसतो आणि फटीतून उजेड आत घेतो. मी दोन महिने जुन्या बाजारात फिरलो. शेवटी कोणीतरी सांगितलं, गोराईला बस्त्यांव नावाचा फोटोवाला होता, लग्न, कम्युनियन आणि मयतीचे फोटो काढायचा. तो वारला. सामान घरातच आहे.

कॅमेऱ्याची मागची चौकट टॉवेलात गुंडाळून मी होडीने खाडी ओलांडली. बस्त्यांवच्या बायकोने, सिसिलबाईने, ओटीवर सतरंजी अंथरून सगळं मांडून ठेवलं होतं. साठीची, ठेंगणी बाई. शेजारपाजारच्या चार बायका बघायला जमलेल्या. मी जरा रुबाबात कामाला लागलो. प्रत्येक होल्डर चौकटीत सरकवून बघितला, झाकण ओढलं, कोपरे तपासले. सहा होल्डर चपखल बसले. सगळ्यांना हाताने शिवलेल्या पिशव्या होत्या. चौथ्याला लाल दोरा बांधलेला होता. त्याच्या कोपऱ्याला बारीक भेग निघाली, पण चालेल म्हणून मी सोडून दिलं.

"मिस्टरांनी काही लिहून ठेवलंय का? वही वगैरे?" मी विचारलं.

"नाय. तो कंदी काय लिवत नव्हता."

मग तिने एक बिस्किटांचा डबा पुढे सरकवला. आत काळे रंगवलेले पातळ पत्रे होते, तीन कडा आत दुमडलेले. बारा असतील.

"हे पन घेऊन जा. लागतील."

मी एक उचलून उलटसुलट केला. मला वाटलं, बस्त्यांवने तसबिरींच्या पाठीला लावायला कापून घेतलेले असणार.

"बाई, आमचा कारखानाच पत्र्याचा आहे," मी हसून म्हणालो. "पत्रा काय करू?"

बायका हसल्या. सिसिलबाई हसली नाही. डबा तिने मागे घेतला.

आता सांगायला लाज वाटते, पण होल्डर हातात आल्यावर ते फिल्मचे नाहीत, काचेच्या प्लेटचे आहेत हे मला समजलं होतं. जुन्या काळी फिल्मऐवजी मसाला लावलेली काच वापरत. काच जाड, फिल्म पातळ. होल्डरमध्ये फिल्म सैल पडायची. त्यावर मी तोडगा काढला. कॅलेंडरचा पुठ्ठा कापला आणि फिल्मच्या पाठीमागे भरला. ट्रायल म्हणून पाण्याच्या टाकीचा फोटो काढला. झकास आला. "सामान ओके" असा रिपोर्ट मी सही करून दिला.

आणि आता मशीनच्या सहाही निगेटिव्ह गेल्या होत्या.

"तुमचं ते जुनं सामानच खराब दिसतंय," कामतसाहेब म्हणाले. "बाईने टोपी घातली."

मी नाही म्हणालो नाही आणि हो पण म्हणालो नाही. साहेबांनी तिथल्या तिथे टायपिस्टला बोलावून पत्र सांगितलं. सामान सदोष आहे, हे ठाऊक असून आपण लपवलंत, ताबडतोब परत घ्या. पत्र पोहोचवायचं काम अर्थात माझ्याकडे.

जेवणाच्या सुट्टीत डबा न खाता मी सहाही निगेटिव्ह खालून दिवा असलेल्या काचेवर मांडल्या. भिंग घेतलं. पहिलीत फोकस मधोमध गेला होता. दुसरीत खालच्या कोपऱ्यात. तिसरीत डावी कड धूसर, बाकी सगळं लख्ख. लेन्समध्ये दोष असता तर प्रत्येक फोटोत एकाच जागी दिसला असता. इथे दोष जागा बदलत होता. म्हणजे होल्डरच्या आत फिल्मच हलत होती. होल्डर उघडला. सप्टेंबरची दमट हवा पिऊन पुठ्ठा पापडासारखा फुगला होता आणि त्याने फिल्मला पोट आणलं होतं. टाकीचा फोटो फिल्म भरल्या भरल्या काढला होता, म्हणून वाचला. मशीनच्या वेळी दिवे लावण्यात दोन तास गेले होते, आणि शेडमधल्या उजेडात एकेक फोटो पाऊण मिनिटाचा.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तीन कडा दुमडलेला पत्रा. फिल्म त्या कडांखाली सरकवायची, की ती काचेसारखी ताठ होते. मग पत्र्यासकट होल्डरमध्ये. बारा पत्रे, सहा होल्डर, बारा बाजू. वाट लागली होती ती माझ्या हुशारीने.

हे साहेबांना सांगितलं नाही. मी ठरवलं, पत्र खिशातच ठेवायचं, गुपचूप पत्रे आणायचे आणि फोटो पुन्हा काढायचे. कोणाला काही कळायला नको.

बुधवारी गोराईला पोहोचलो. सिसिलबाई ओटीवर बोंबील निवडत होती.

"पत्रे न्यायला आलास ना?" मी बोलायच्या आधीच ती म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तीस वरसं मीच भरत होते. त्याला दमा. खोली बंद केली की जीव घाबराघुबरा व्हायचा. भरायचं, काढायचं, धुवायचं, सगळं मी. तू त्याची वही मागितलीस. मला विचारलंस काय?"

तिचं लक्ष माझ्या खिशाकडे गेलं. टेरिलीनच्या शर्टातून पाकीट दिसत होतं आणि त्यावर तिचं नाव टाइप केलेलं. नाव ओळखण्यापुरतं इंग्रजी तिला येत होतं.

"माजा कागद हाय. वाच."

"काही नाही हो, ऑफिसचं..."

"वाच म्हणते ना."

इंग्रजी पत्र मराठीत करून सांगताना शब्द मऊ करता येतील असं मला वाटलं होतं. "लपवलंत" हा शब्द मऊ होईना. ती हातातला बोंबील तसाच धरून ऐकत होती.

"लपवलं? मी?"

"साहेबांचा गैरसमज झालाय."

"तू काय बोल्लास त्यांना?"

"गप्प बसलो."

तिने सुपातले बोंबील बाजूला सारले. घरात गेली. मला वाटलं डबा आणते आहे. ती हात धुऊन रिकामी परत आली.

"त्या चौघींसमोर तू सामान नेलंस. उद्या अख्खा गाव म्हनंल, बस्त्यांवच्या बायकोने फुटकं सामान खपवलं. मला दुसरा कागद पायजे. अस्साच, कंपनीच्या नावाचा. सामान चांगलं होतं आनि चूक कोनाची, ते लिवलेलं. तुज्या सायबाची सही. मग पत्रे ने."

"बाई, शनिवारी मशीन जातंय. माझी नोकरी..."

"मंग लवकर आन."

होडीत बसून मी तिला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. किनारा येईपर्यंत त्या माझ्यावरच उलटल्या. बाई खरं तेच बोलत होती.

गुरुवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पुठ्ठा, पत्रे, माझं हसणं, माझं गप्प बसणं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"मंगळवारी इथेच उभे होतात तुम्ही. तेव्हा का नाही बोललात?"

"मंगळवारी सुट्टीपर्यंत माहीत नव्हतं, सर."

"आणि सुट्टीनंतर?"

"सुट्टीनंतर लपवलं, सर."

"लिहा," ते म्हणाले. "तुम्हीच लिहा. मराठीत लिहा, बाईंना कळलं पाहिजे. तुमचं पूर्ण नाव घाला."

माझ्या हाताने मी माझ्या चुकीचं पत्र लिहिलं. आपण दिलेलं सामान उत्तम स्थितीत होतं, आवश्यक पत्रे आपण स्वतः देऊ केले होते, ते आमच्या छायाचित्रकाराने अज्ञानामुळे नाकारले. साहेबांनी "अज्ञानामुळे"च्या पुढे "आणि घमेंडीमुळे" घालायला लावलं आणि सही केली.

शुक्रवारी पहिल्या होडीने गेलो. सिसिलबाईने पत्र हातात घेतलं, शिक्का बघितला आणि मलाच परत दिलं.

"जोरात वाच."

शेजारणी दारात आल्या होत्या. मी वाचलं. "घमेंडीमुळे"पाशी माझा आवाज पडला.

"ते परत," ती म्हणाली.

पुन्हा वाचलं. मग तिने डबा आणला. नुसता दिला नाही. खोलीचं दार लावून अंधार केला, एक खराब फिल्म दिली आणि माझे हात धरून पत्र्यात सरकवायला शिकवली. फिल्मच्या कोपऱ्यातली खाच उजव्या बोटाला लागली पाहिजे, म्हणजे फिल्म सुलटी. कडेखाली गेली की बारीक आवाज येतो, तो ऐकायचा. "चौथ्यात भरू नको," ती म्हणाली. "त्याला मी लाल दोरा बांदलाय तो उगाच नाय." मशीनच्या पहिल्या फोटोंच्या वेळी मी चौथ्यातही भरली होती.

त्याच दुपारी पाच होल्डरमध्ये दहा फिल्म भरून मशीनचे फोटो घेतले. नेमप्लेटवरचा सगळ्यात बारीक अक्षरांचा नंबर भिंगाशिवाय वाचता आला. शनिवारी मशीन खोक्यात गेलं. कामतसाहेबांनी प्रिंट बघून "हं" म्हटलं आणि प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढवलं. नंतर मी कायम झालो, पण त्या वाढीव सहा महिन्यांत त्या जिन्याखाली रोज घाबरतच शिरत होतो.

पुढे कंपनीसाठी पुष्कळ जुनं सामान मी पारखून घेतलं. लेन्स, स्टँड, एनलार्जर. आजूबाजूचे लोक समजायचे, परबला वस्तू ओळखण्याची नजर आहे. नजर कसली आलीय. कुठेही गेलो की सामानाला हात लावायच्या आधी मी घरातल्यांना एवढंच विचारायचो, "हे रोज कोण वापरायचं?" आणि ते माणूस येईपर्यंत तोंड बंद ठेवून बसायचो.