मेस्त्रींनी कापलेली रिंग

मेस्त्रींना जगातली एकही वस्तू धड वाटली नाही. नवा पाना हातात दिला तरी मासळी शिळी आहे का बघावं तसा तो नाकाजवळ न्यायचे आणि विचारायचे, "ह्यां काय?" उत्तर कोणी द्यायचं नसे. या दोन शब्दांवरून मालवणच्या किनाऱ्यावर त्यांना 'ह्यांकाय मेस्त्री' म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. माझी तर नव्हतीच.

मी लातूर बाजूचा. आठवीत शाळा सोडली, बोअरवेलच्या गाडीवर कामाला लागलो आणि मालवणजवळच्या कट्टा गावात एक बोअर मारायला आलो, तो इथेच राहिलो. मेस्त्रींनी मला होड्यांच्या शेडमध्ये घेतलं. का घेतलं ते मला अजून कळलेलं नाही, कारण पहिल्या दिवशी माझ्याकडे बघूनही ते "ह्यां काय?" असंच म्हणाले होते. पण जेवायच्या वेळी आपल्या डब्यातला भात त्यांनी न विचारता माझ्या ताटात लोटला. लोटतानाही तोंड वाकडंच.

शेड मुंबईच्या एका शेठची, आणि आत त्यांची शिडाची बोट होती. पर्यटकांना फिरवायची फायबरची बोट. शेठला शिडातलं काही कळत नव्हतं. शीड वर चढलं की ते त्याच्यासमोर फोटोला उभे राहायचे आणि शीड उतरायच्या आत गाडीत बसायचे. बोटीला सेलड्राइव्ह होता. म्हणजे इंजिनाचा पाय थेट बोटीच्या बुडातून खाली पाण्यात उतरतो. त्यासाठी बुडाला मोठ्या ताटाएवढं भोक असतं आणि त्या भोकाभोवती एक रबरी रिंग. आत माणसं, बाहेर समुद्र, मधे रबर. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी इंजिनाखाली बॅटरी मारून पाणी शोधत बसलो, कारण राखणीला रात्री त्या बोटीत मीच झोपायचो.

मेस्त्री खो-खो हसले. "भोक पाडून पाणी काढणारो तू! आता भोकातसून पाणी येव नये म्हणान देव पाण्यात घालून बसलंस?"

पाण्यात फिरून बोट ढकलणाऱ्या पंख्याजवळ आणखी दोन लहान रबरी सीलं असतात. तुटक्या जाळ्याची नायलॉनची दोरी पंख्याला गुंडाळली की ती सीलं कापते, पाणी आत शिरतं आणि गिअरचं तेल दुधाळ होतं. मी धास्तीनं सारखी तेलाची काठी ओढून बघायचो. "मेल्या," मेस्त्री ओरडायचे, "घडयेघडये उघडलंस तर नसलेला पाणी पण आत जायत!" तरी पंख्याला दोरी अडकली की पाण्यात बुडी मारून ती सोडवायला ते स्वतःच उतरायचे. मला कधी उतरू दिलं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर बोट शेडमध्ये वर काढलेली होती. मेस्त्री इंजिनाखाली हात घालून रिंग चाचपत होते. अंगठा दाबला, तर खळगा पडला आणि तसाच राहिला. त्यांनी बोट चालवणाऱ्या तांडेलाला हाक मारली.

"ह्येका काय लावतंस रे?"

"मोरीचा तेल," तांडेल अभिमानानं म्हणाला. मोरी म्हणजे शार्क. लाकडी होडीला त्याचं तेल चोपडायचं, ही इथली पिढ्यांची रीत. "दर वर्षाक लावतंय. आमच्या बापाशीची होडी त्याच तेलार टिकली."

"आवशीक खाव तुझ्या! तुझ्या बापाशीची होडी लाकडाची होती. लाकूड तेल पिता आणि टिकता. रबर तेल पिता आणि फुगता. हात लावन बघ. रबर आसा काय खापरोळी?"

खापरोळी ही इथली जाळीदार, लुसलुशीत गोड पोळी. मी हात लावून बघितला. खापरोळी जरा घट्ट असते.

शेठला फोन गेला. शेठ आले, गॉगल न काढता रिंगेकडे बघितलं आणि म्हणाले, "आत्ता दिसतंय का पाणी? नाही ना? मग हा सीझन जाऊ दे. नवी रिंग परदेशातून यायची, तोवर बुकिंगवाले थांबतील का?"

मेस्त्री रागावले की मालवणी बोलायचे. फार रागावले की शुद्ध मराठी. "शेठ," ते म्हणाले, "या बोटीत रात्री हा झोपतो."

"त्याला लाइफ जॅकेट दिलंय की."

मेस्त्रींनी बाह्या वर केल्या. मला चेनकप्पी लावायला सांगितली. इंजिन उचललं, रिंग सोडवली. शेठला वाटलं, साफ करतायत. मेस्त्रींनी कोयता घेतला, रिंग लाकडावर ठेवली आणि शेठसमोर तिचे दोन तुकडे केले. "आता घाला पाण्यात."

त्याच दुपारी त्यांना शेडमधून काढलं. इतक्या वर्षांच्या माणसाला शेठनं गेटावरच्या राखणदाराकरवी निरोप दिला. समोर येऊन बोलायला फोटोला उभं राहण्यापेक्षा जास्त काहीतरी लागतं.

नवी रिंग आली तेव्हा ती बसवायला मी एकटाच. मेस्त्रींना आत यायची बंदी, म्हणून ते कुंपणाबाहेर रस्त्यावर उभे राहिले आणि दगडी गडग्यावरून शिव्या घालत राहिले. "एका बाजून आवळू नको! समोरासमोरचे बोल्ट घे! कडा पूस आधी, पूस! तुझो हात आसा काय पळी?" येणारे-जाणारे थांबून बघत होते. मला जन्मात एवढं निर्धास्त कधी वाटलं नव्हतं.

मग ते बांद्याला गेले. तिथे भाच्याच्या गॅरेजात पाण्याचे पंप दुरुस्त करतात. बोट पाण्यात उतरल्यावर पहिल्याच सुट्टीला मी एसटीनं गेलो. इंजिनाखालून पुसलेलं फडकं दाखवायला नेलं होतं. मेस्त्रींनी ते हुंगलं, कडेला जीभ लावून मीठ लागतं का बघितलं.

"सुको आसा," ते म्हणाले. मग एकदम विचारलं, "पोवाक येता मां तुका?"

मी नाही म्हणालो, पोहायला कधी शिकलोच नव्हतो.

"आणि तू थंय निजतंस?"

"रिंग नवी आहे ना, मेस्त्री."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पंपात डोकं घातलं. "रबर कायमचा नसता," आतून आवाज आला. "परत बदलूची येळ येतली. तोपर्यंत शीक."

आता रोज संध्याकाळी मी खाडीत छातीभर पाण्यात जाऊन उभा राहतो. पाय अजून तळापासून सुटत नाहीत.